वामनदादांचं पहिलं गाणं आणि आपण कापलेला शेवटचा अंतरा

जयंतीच्या तयारीची बैठक होती. विहारात पंधरा-वीस जण जमलो होतो. वर्गणी, मंडप, पोलीस परवानगी हे विषय तासाभरात उरकले आणि मग दरवर्षीचं भांडण सुरू झालं. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, डीजे बंद करा, सिनेमाच्या चालींवर बाबासाहेबांचं नाव नाचवणं बंद करा. तरुण पोरं म्हणाली, मग आम्ही मिरवणुकीत येणारच नाही. शेवटी एका काकांनी हुकमाचं पान टाकलं : "आज वामनदादा असते तर त्यांना हे बघवलं नसतं."

पोरं गप्प झाली. वामनदादांचं नाव आलं की आपल्या वस्तीत वाद संपतो.

आम्ही मात्र काकांना एक प्रश्न विचारला. वामनदादांनी लिहिलेलं पहिलं गाणं कशावर बेतलेलं होतं, ठाऊक आहे का? काकांना ठाऊक नव्हतं. पोरांनाही नव्हतं. ज्या माणसाची गाणी आपण पाळण्यापासून पुण्यानुमोदनापर्यंत गातो, त्याची सुरुवात कशी झाली हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येऊ नये, ही गोष्ट आम्हाला डीजेपेक्षा जास्त लागली. हा लेख त्यातून आला आहे.

उत्तर आधी सांगून टाकतो. वामनदादा कर्डकांनी पहिलं गाणं ३ मे १९४३ रोजी लिहिलं आणि ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. तेव्हा त्यांना एकविसावं वर्ष चालू होतं. लिहायला-वाचायला येऊन फार काळ झाला नव्हता.

या दोन वाक्यांत आपल्या चळवळीला शिकण्यासारखं बरंच काही आहे. पण त्यासाठी देशवंडीपासून सुरुवात करावी लागेल.

देशवंडी ते शिवडी

वामन ताबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. आईचं नाव सईबाई. शाळा नशिबी नव्हती. 'नशिबी' हा शब्द आम्ही सवयीने वापरला, तो चूक आहे. शाळा व्यवस्थेने दिली नव्हती.

पण तो जिल्हा आणि तो काळ बघा. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामन सात वर्षांचा होता. हा लढा पाच वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते गावोगाव फिरून सत्याग्रही गोळा करत होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, ते येवल्यात. येवलाही नाशिक जिल्ह्यातच. तेव्हा वामन तेरा वर्षांचा होता. शाळा त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती, पण चळवळ त्याच्या जिल्ह्याच्या वाटांवरून चालत होती. त्या वर्षांत नाशिककडच्या महारवाड्यात वाढणाऱ्या पोराच्या कानावर काय काय पडत असेल, याचा अंदाज करायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

पुढे मुंबई. गावाकडून येणाऱ्या आपल्या माणसांचा रस्ता ठरलेला होता : गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका. त्यातही जात आडवी होतीच. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार बरा मिळायचा, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या उष्ट्या दोऱ्याने सवर्ण कामगार बाटत असे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. लाल बावट्याखालीही दोरा बाटत होता, हे विसरू नका.

अशा मुंबईत वामन कर्डक नावाचा तरुण मिळेल ते काम करत राहिला. राहायला शिवडीची बीडीडी चाळ. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका खोलीत एक कुटुंब, शिवाय गावाकडून आलेला भाचा, पुतण्या, मेहुणा. या चाळी कष्टकऱ्यांना कोंबण्यासाठी उभ्या राहिल्या. आपल्या माणसांनी त्यांतूनच चळवळ उभी केली, कारण गावात विखुरलेला महारवाडा इथे एका जिन्यावर आला होता. सभा, तालीम, भजन, समता सैनिक दलाची कवायत, सगळं हाकेच्या अंतरावर. वामनदादा याच चाळीतून समता सैनिक दलात गेले.

एक पत्र

शिवडीच्या चाळीतला एक प्रसंग अनेकांनी सांगितला, लिहिला आहे. कुणीतरी वामनदादांपुढे पत्र धरलं आणि म्हणालं, एवढं वाचून दाखव. त्यांना वाचता येईना. त्या लाजेने ते रडले. मग चाळीतल्या एका मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवली, बाराखडी केली. जोडाक्षरं पक्की केली ती रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून.

हा प्रसंग आपण भाषणांतून भावनिक करून सांगतो आणि पुढे जातो. जरा थांबूया. पत्र घेऊन आलेल्या माणसालाही वाचता येत नव्हतं. म्हणजे त्या जिन्यावर एक निरक्षर दुसऱ्या निरक्षराकडे आशेने आला होता. असे प्रसंग त्या काळी रोज हजारो घडत असतील. 'मला येत नाही' म्हणून माणूस पुढे जाई आणि विसरे. वामनदादांना विसरता आलं नाही. याचं एक कारण त्यांचा स्वभाव असेल. पण दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'शिका' हा शब्द तोवर चाळीच्या हवेत होता. वाचता न येणं ही आता देवाची करणी राहिली नव्हती, ती लाज वाटण्याजोगी आणि दुरुस्त करण्याजोगी गोष्ट झाली होती. ही लाज बाबासाहेबांनी दिलेली आहे. आणि दुरुस्ती करायला मास्तर त्याच चाळीत हजर होता. दिवसभराच्या कामानंतर एका मोठ्या माणसाला 'क' गिरवायला लावणाऱ्या त्या मास्तराला आपण कधी हार घातला आहे का?

प्रस्थापित समीक्षक वामनदादांबद्दल चार चांगले शब्द बोलतात तेव्हा हमखास म्हणतात, "निरक्षर असूनही केवढी उपजत प्रतिभा!" आपली माणसंही हे कौतुकाने पुन्हा सांगतात. या कौतुकात एक गोम आहे. उपजत म्हटलं की शिकण्याचा, शिकवणाऱ्याचा आणि चळवळीचा हिशेब द्यावा लागत नाही. ब्राह्मणाच्या पोराने कविता लिहिली की ती अभ्यासाची, व्यासंगाची, संस्काराची. आपल्या माणसाने लिहिली की ती निसर्गाची, झाडाला फळ लागावं तशी. वामनदादा निरक्षर होते म्हणून कवी झाले नाहीत. ते साक्षर झाले आणि मग त्यांचं पहिलं गाणं आलं. हा क्रम उलटा सांगू नका.

गाणं आधीच वाट बघत होतं

आता दुसरी बाजू. वामनदादा लिहू लागले तेव्हा रान मोकळं नव्हतं. त्यांच्या आधी निदान एक पिढी आंबेडकरी जलसा गात होती. भीमराव कर्डक, केरूबा गायकवाड, केरू घेगडे ही नावं तरुण मित्रांनी पाठ करावीत. (भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, समाजमाध्यमांवर यांची सर्रास सरमिसळ होते.) भीमरावांचा जलसा नाशिककडचा. १९३० च्या दशकात तो गावोगाव, थेट मुंबईच्या चाळींपर्यंत गाजला.

जलसा आकाशातून पडला नाही. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाची परंपरा पुढे नेणाऱ्यांनी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधकी जलसा घडवला होता. आंबेडकरी जलशाने तो साचा आणखी बदलला. गणातला गणपती गेला. गवळणीतली राधेची छेडछाड गेली. बतावणीत सावकार, भटजी आणि गावपाटील उघडे पडू लागले. पाणवठा, मेलेली ढोरं ओढणं, पोरीचं बालपणी लग्न, दारू, शाळा हे विषय आले.

हे बदल का करावे लागले, तेही समजून घ्या. तमाशात राबणारी माणसं बहुतांशी महार-मांग. त्यातल्या बाईची अब्रू गावाच्या मालकीची. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईंच्या साथीने केलेल्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आपल्या स्त्रीला नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. जलशाने बाईला नाचवणं बंद केलं. यात एक उणीव राहिली, तीही बोलली पाहिजे. नाच बंद झाला, पण बाईला शाहीर म्हणून मंचावर उभं करायला आपण फार उशीर केला. ती जात्यावर आणि पाळण्याशी भीमाच्या ओव्या रचत राहिली, आणि त्या ओव्या रचणारीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

बाबासाहेब आपल्या भाषणांपेक्षा जलशाला जास्त परिणामकारक मानत, असं चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते पटण्यासारखंच आहे. भाषण ऐकून माणूस घरी जातो. गाणं त्याच्याबरोबर घरी येतं.

थोडक्यात, १९४३ साली वामनदादांच्या हाती काय काय होतं? नवी शिकलेली अक्षरं. समता सैनिक दलाची शिस्त. जलशाने तयार केलेला, टाळ्या कुठे वाजवायच्या ते जाणणारा श्रोता. आणि काळही तसाच पेटलेला. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं होतं. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले होते. कालपर्यंत ज्याला दोरा ओढू देत नव्हते, त्याचा माणूस अख्ख्या देशाच्या मजुरांचा कारभार बघत होता. असं काही घडतं तेव्हा वस्तीला गाणं लागतंच. लिहिणारा तेवढा हवा होता.

विडंबन का?

आता मूळ वादाकडे येऊ. पहिलं गाणं विडंबन का?

वामनदादांना सिनेमाचं वेड होतं. नट व्हायचं स्वप्न होतं. स्टुडिओंच्या दारात खेटे घालून गर्दीतली किरकोळ कामंही त्यांनी केली. 'आलम आरा' १९३१ चा. म्हणजे १९४३ साली बोलपटाचं गाणं अवघं बारा वर्षांचं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळचं ताजं, उनाड, थोरामोठ्यांना न आवडणारं संगीत होतं. इराण्याच्या हॉटेलातल्या फोनोमधून ते बाहेर यायचं आणि तिकीट न काढताही कामगाराला फुकट ऐकू यायचं. चाल आधीच प्रत्येकाच्या तोंडी होती. तिच्यात नवे शब्द भरले की पहिल्याच कडव्याला सगळी चाळ सुरात म्हणू शकायची. पेटीवाला नको, तालीम नको, नवी चाल बसवायला वेळ नको.

हे फक्त शिवडीत घडलं असंही नाही. अमेरिकेत जो हिल नावाचा कामगार शाहीर होऊन गेला. मूळचा स्वीडनचा, स्थलांतरित मजूर. कामगारांच्या सभेत चर्चचं बँडपथक येऊन भजनं वाजवत असे आणि सभा उधळत असे. जो हिलने त्याच भजनांच्या चाली उचलल्या आणि त्यांत भुकेचे शब्द भरले. १९११ मध्ये त्याने एका लोकप्रिय भजनाचं असं विडंबन केलं, की मेल्यावर स्वर्गात जेवण मिळेल म्हणणाऱ्या उपदेशकाचं हसं झालं. बँड वाजायला लागला की कामगार त्याच चालीवर आपलं गाणं म्हणू लागत. १९१५ साली युटाह राज्याने त्याला खुनाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. त्याचा खटला न्याय्य झाला नाही असं म्हणणारे आजही आहेत. पत्रक एकदाच वाचलं जातं, गाणं मात्र पाठ होऊन पुन:पुन्हा म्हटलं जातं, हे त्याचं मत होतं. जलशाचा अनुभव वेगळं काय सांगतो?

ज्याच्याकडे छापखाना नाही, वाद्यवृंद नाही, सभागृह नाही, तो शत्रूच्या किंवा बाजाराच्या चाली उचलतो. ही गरिबाची जुनी रीत आहे. म्हणून सिनेमाची चाल घेतली एवढ्यावरून आजच्या पोरांना बाटगं ठरवू नका. ते वामनदादांच्या पहिल्या पावलावरच पाऊल टाकत आहेत.

पण पोरांनो, तुमचाही हिशेब आहे. वामनदादांनी चाल उसनी घेतली, शब्द उसने घेतले नाहीत. पुढच्या वर्षांत तर उसनी चालही मागे पडत गेली आणि त्यांची स्वतःची वाट पक्की झाली. बाबासाहेब गेल्यावर, धम्मदीक्षेनंतर, रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीतही ते लिहीत आणि गात गावोगाव फिरले. पहिला संसार टिकला नाही, पोटची पोर लहानपणी गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली. बिदागी मिळाली तर मिळाली. विडंबन ही त्यांची पहिली पायरी होती. तुमच्या डीजेवर मात्र वर्षानुवर्षं तीच पायरी वाजते आहे, आणि तिच्यात बाबासाहेबांच्या नावापलीकडे शब्द किती असतात, ते एकदा शांतपणे ऐका. पाणी, शाळा, आरक्षण, शिष्यवृत्ती, कंत्राटी भरती यावर तुमचं एक तरी कडवं आहे का?

शेवटचा अंतरा

एक शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची.

वामनदादांचा पहिला संग्रह 'वाटचाल' १९७३ साली आला. पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला होता, दलित पँथर उभी राहिली होती. दलित साहित्याची चर्चा विद्यापीठांत सुरू झाली. त्या चर्चेत छापलेल्या कवितेला मान मिळाला, गायलेल्या कवितेला प्रास्ताविकात एक ओळ मिळाली. आम्ही एम.ए.ला होतो तेव्हाही लोकगीताची व्याख्या हीच शिकलो : लोकगीताला कर्ता नसतो, ते समूहाचं असतं.

वामनदादांनी ही व्याख्या आयुष्यभर मोडली. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव ओवलेलं असतं. तुकोबांनी अभंगात जसं आपलं नाव ठेवलं, तसंच. तीस वर्षं पुस्तक नाही, करार नाही, मानधनाची पावती नाही. गाणं कुणीही उचलावं, कुठेही गावं. अशा वेळी कर्त्याने आपली मालकी सांगायची कशी? गाण्याच्या आतच सांगायची. जोवर शेवटचा अंतरा गायला जाईल तोवर नाव पुसता येणार नाही. शाळेने ज्याला नाव लिहायला शिकवलं नाही, त्याने ते असं लिहून ठेवलं.

आणि आपण काय केलं? कॅसेट आल्या तेव्हा वेष्टनावर गायकाचं नाव मोठं झालं, कवीचं बारीक झालं किंवा गळालं. मग रिमिक्स आलं. त्यात धृपद ठेवतात, एक कडवं ठेवतात, मध्ये ठेका भरतात आणि शेवटचा अंतरा कापतात. म्हणजे नेमकं वामनदादांचं नाव कापतात. हे कुणा मनुवाद्याने केलेलं नाही. आपल्याच मिरवणुकीत, आपल्याच वर्गणीतून होतं आहे. ज्या समाजाची नावं गावाच्या दप्तरात अपमानासारखी लिहिली गेली, त्याने आपल्या कवीचं नाव स्वतःच्या हाताने पुसावं?

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं ते सांगतो. डीजे बंद झाला नाही. पण तीन गोष्टी ठरल्या. एक, मिरवणुकीत वाजणारं प्रत्येक गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वाजेल आणि त्याआधी कवीचं नाव पुकारलं जाईल. दोन, पोरं स्वतः एक गाणं लिहितील, चाल हवी ती घ्या, पण शब्द वस्तीच्या प्रश्नाचे. ते गायला मुली पुढे असतील. तीन, विहारात संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी अक्षरवर्ग सुरू होईल. कारण आमच्या वस्तीत आजही बँकेचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या आया-मावश्या आहेत.

तिसऱ्या ठरावावर एकाने विचारलं, जयंतीच्या बैठकीत याचा काय संबंध?

काकाच म्हणाले, "अरे, पत्र वाचता आलं नाही म्हणून रडणारा माणूस आपल्याकडे होता. त्याला शिकवणारा मास्तरपण होता. आता तो मास्तर आपण व्हायचं."

पहिल्या दिवशी चार बाया आल्या. पाटी आणायला आम्ही विसरलो होतो. मग मिरवणुकीच्या बॅनरवरचीच अक्षरं वाचायला घेतली.

जयभीम!